मेक्सिकोला चाललोय, फूड आणि कॉकटेल टेस्टिंग टूर घ्यावी का? मी शाकाहारी आहे, दारूचीही फारशी सवय नाही

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात तुम्ही दोघं नऊ दिवसांसाठी मेक्सिको सिटी आणि वाहाकाला चाललाय, नवरा सगळं खातो, तुम्ही शाकाहारी, आणि गाइडबरोबर खायच्या-प्यायच्या टूरला पैसे घातले तर ते वाया जातील का.

नाही जाणार, बिनधास्त घ्या. पण एकच घ्या, वाहाकाला घ्या, आणि तिथे पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी घ्या. बरेच जण ही टूर शेवटच्या संध्याकाळसाठी ठेवतात आणि तिथेच चुकतं, कारण त्या चार-पाच तासांत जे कळतं त्याचा उपयोग पुढच्या प्रत्येक जेवणाला होतो, आणि शेवटच्या दिवशी कळून काय करणार, दुसऱ्या दिवशी विमानात बसायचं असतं. दुसरं म्हणजे जी टूर मक्यापासून सुरू होते ती घ्या, ग्लासापासून सुरू होते ती नको.

मी ऑफिसच्या प्रोजेक्टसाठी अडीच वर्षं मेक्सिकोतल्याच ग्वादालाहाराला होते (आयटीमुळे आपली बरीच मंडळी आहेत तिकडे) आणि मीही शाकाहारीच, अंडं चालतं, त्यामुळे हे सगळं अनुभवून सांगतेय. पहिली टूर मी मेक्सिको सिटीला केली, उतरले त्याच संध्याकाळी, आणि ती फसली. जाहिरातीत पाच कॉकटेल आणि तीन टाको असं होतं. एक तर ते शहर २२४० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही जवळजवळ ६०० मीटर वर, पहिल्या दिवशी नुसतं जिना चढलं तरी धाप लागते आणि डोकं जड होतं, त्यात रिकाम्या पोटी बाटलीतल्या सिरपची हिरवीगार मार्गारीटा. प्रत्येक ठिकाणी दहा-बारा मिनिटं, की चला पुढे. मी शाकाहारी आहे सांगितल्यावर गाइडने मला दुसऱ्या ठिकाणी, घेवडा वाटून भरलेला टाको दिला, मी आनंदाने खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसमधल्या मैत्रिणीने विचारलं की तो घेवडा कशात परतलेला होता ते विचारलंस का. मान्तेकात, म्हणजे डुकराच्या चरबीत. मला फार लागलं ते. गाइडला माहीत असायला हवं होतं, आणि माहीत नव्हतं तर त्याने विचारायला हवं होतं.

म्हणून आता वाहाकाची गोष्ट नीट सांगते. आम्ही सहा जण होतो, गाइड पन्नाशीची, जवळच्या झापोतेक (तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एक समाज) गावातली, आणि पहिले दोन तास तिने दारूचं नाव काढलं नाही. सुरुवात एका घराच्या मागच्या अंगणात, जिथे रात्रभर भिजलेला मका होता. मका चुना घातलेल्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळला की वरचं साल सुटून येतं, मग धुऊन दळतात. याला निश्तामाल म्हणतात. चुन्याची निवळी आपल्याला औषध म्हणून माहीत आहे, तिथे अख्खं जेवण त्यावर उभं आहे. चुन्यामुळे मक्यातलं नायासिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं आणि पिठाला चिकटपणा येतो, नाहीतर नुसत्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना कडेने कशी फाटते ते आपल्याला माहीतच आहे. युरोपात मका पोचला पण ही रीत पोचली नाही, आणि जिथे गरीब माणसं नुसत्या मक्यावर जगली तिथे पेलाग्राने, म्हणजे नायासिन कमी पडल्यामुळे होणाऱ्या रोगाने, माणसं आजारी पडली. हे ऐकत असताना ती बाई पाट्यावर ते दळत होती, मेताते म्हणतात त्याला, तीन पायांचा, उतरता, आणि वर लांबोडका वरवंटा, ती गुडघ्यांवर बसून अख्ख्या अंगाचा जोर लावते. मला आजीचा पाटा आठवला आणि थोडा वेळ बोलता आलं नाही.

मग तव्यावर, म्हणजे कोमालवर, तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ पोळी, टाकली आणि ती फुलली, वरचा पापुद्रा सुटला, अगदी भाकरीसारखा. ती नुसती, मीठ लावून खाल्ली. तुम्हाला सांगते, ही चव एकदा जिभेवर बसली की पुढच्या आठवड्यात तुम्ही हॉटेलात पहिल्या घासाला ओळखाल की तोर्तिया खऱ्या निश्तामालची आहे की पाकिटातल्या पिठाची. टूरचे निम्मे पैसे मला इथेच वसूल झाले असं वाटलं. मक्याच्या ५९ देशी जाती मेक्सिकोत नोंदलेल्या आहेत, निळा, लाल, पांढरा, आणि वाहाकाजवळच्या मित्लाच्या एका गुहेत सापडलेली मक्याची कणसं सहा हजार वर्षांहून जुनी आहेत, म्हणजे तुम्ही जिथे बसून खाताय तिथलंच आहे हे सगळं.

तिथून बाजार. बेनितो हुआरेस मार्केट आणि त्याच्या समोरच २० नोव्हेंबरच्या नावाचं मार्केट (१९१० च्या क्रांतीची तारीख). दुसऱ्यात एक बोळ आहे जिथे दोन्ही बाजूंना कोळशावर मांस भाजतात, नुसता धूर, नवऱ्याला तिथे सोडा, तो खूश होईल, तुम्ही मात्र तेवढा वेळ बाजूच्या मीना रस्त्यावर जा, तिथे चॉकलेटच्या गिरण्या आहेत, कोको, बदाम, दालचिनी, साखर तुमच्यासमोर दळून देतात, गरम गोळा हातावर ठेवतात, अख्खा रस्ता त्या वासाने भरलेला असतो.

मोलेबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं. मोले म्हणजे मसाले वाटून शिजवलेली दाट ग्रेव्ही. वाहाकाचे सात मोले म्हणतात, त्यातला काळा, मोले नेग्रो, हा मराठी माणसाला सगळ्यात लवकर कळतो. सुक्या मिरच्या काळ्या होईपर्यंत भाजतात, बिया वेगळ्या जाळतात, तोर्तियाही जाळतात, मग तीळ, शेंगदाणे, बदाम, मनुका, लवंग, दालचिनी, मिरी, पिकलेलं मोठं केळं आणि शेवटी चॉकलेट, आणि हे सगळं वाटून तासन् तास शिजवतात. मिरच्या भाजताना जो खकाणा उठतो त्याने आमच्यातले दोन जर्मन बाहेर पळाले, मला मात्र घरी काळा मसाला करतात त्या दिवसाचीच आठवण आली. लोक याला चॉकलेटची ग्रेव्ही म्हणतात ते बरोबर नाही, चॉकलेट त्यात आपल्या आमटीतल्या गुळाइतकं, गोलाई यायला. आणि गंमत बघा, ही मिरची मुळात मेक्सिकोकडची, पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणली, तसाच पेरू, सीताफळ, पपई, टोमॅटो, चिकू सगळं त्याच बाजूने आलं, चिकूचं नावसुद्धा तिथल्या चिकोसापोतेवरून. बाजारात ही फळं मांडलेली बघून तुम्हाला परकं वाटणारच नाही.

आता शाकाहाराचं, कारण यात मी हात पोळून घेतलेत. तिथे कार्ने, म्हणजे मांस, म्हटलं की लोकांच्या डोक्यात गायीचं नाहीतर डुकराचं मांस येतं, त्यामुळे कार्ने नको म्हटलं तर चिकन येऊ शकतं, भात तर बऱ्याचदा चिकनच्या पाण्यातच शिजवलेला असतो आणि मोलेही. त्यामुळे पूर्ण वाक्य पाठ करा: सोय वेजेतारियाना, नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो (मी शाकाहारी आहे, मांस, चिकन, मासे खात नाही). आणि पुढे जोडा, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो (चरबी नको, चिकनचं पाणी नको). त्लायुदा ही ताटाएवढी कुरकुरीत तोर्तिया तुम्हाला नक्की खावीशी वाटेल, पण तिच्यावर घेवड्याखाली चरबीच्या खरवडीचा थर असतो त्याला आसिएन्तो म्हणतात, सिन आसिएन्तो सांगितलं की काढून टाकतात. पेयांतही आहे हे, आणि ते कोणी सांगत नाही: मेस्काल या तिथल्या दारूबरोबर संत्र्याच्या फोडींवर जे लालसर मीठ येतं त्यात वाळवलेल्या अळ्या दळलेल्या असतात, कॉकटेलच्या ग्लासच्या कडेलाही तेच लावतात. मिचेलादा म्हणून बिअरमध्ये लिंबू-तिखट घालून देतात त्यात कधीकधी क्लामातो घालतात, त्यात शिंपल्याचा अर्क असतो. बुक करायच्या आधी टूरवाल्यांना हे सगळं मेसेज करून विचारा, आणि उत्तर "काही प्रॉब्लेम नाही" एवढंच आलं तर ती टूर सोडा. जे चांगले असतात ते उलट विचारतात, अंडं चालतं का, चीज चालतं का. खायला भरपूर आहे हो: भोपळ्याच्या फुलांच्या केसादिया (सारण भरून घडी घातलेल्या तोर्तिया), निवडुंगाची भाजी, वित्लाकोचे म्हणजे मक्यावर येणारी काळी बुरशी (नाव ऐकून नको म्हणू नका, मशरूमसारखी लागते), केसियो चीज ज्याचे दोरे सुटतात.

आणि मग दुपारी, पोट भरल्यावर, मेस्काल. आपल्याकडे बांधावर घायपात लावतात ना, दोरखंडाचं, त्याच्याच कुळातली ही झाडं, अगावे. नेहमीच्या एस्पादिन जातीचं झाड तयार व्हायलाच सहा-आठ वर्षं लागतात, जंगली तेपेस्ताते तर कितीतरी अधिक. पानं छाटून मधला गड्डा जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर मातीखाली तीन-चार दिवस भाजतात, आम्हाला त्याचा तुकडा चोखायला दिला, भाजलेलं रताळं आणि गूळ यांच्या मधली चव, थोडा धुराचा वास. मग दगडी चाकाखाली चेचून, लाकडी पिंपात आंबवून, दोनदा गाळतात. टकीलाही खरं तर याच घराण्यातली, पण ती फक्त निळ्या अगावेची, १९७४ पासून तिच्या नावाला संरक्षण आहे, मेस्कालला १९९४ पासून. टकीला विकत घ्याल तर बाटलीवर १०० टक्के अगावे लिहिलंय ते बघा, नाहीतर त्यातली जवळजवळ निम्मी साखर दुसरी कसलीतरी असू शकते.

दारूची सवय नाही म्हणून घाबरू नका. खरं टेस्टिंग म्हणजे बुचभर, शॉट मारायचाच नाही. आम्हाला आधी दोन थेंब तळहातावर चोळून वास घ्यायला सांगितला, दारू उडून जाते आणि भाजलेल्या गड्ड्याचा वास मागे राहतो. पहिला घोट जाळतो, तो सोडून द्यायचा, दुसऱ्या घोटाला चव कळते. तिथे म्हणतात की मेस्कालचे मुके घ्यायचे, इतके छोटे घोट. मी पाच प्रकार चाखले आणि सगळं मिळून एक छोटा पेगही झाला नसेल, मध्येमध्ये पाणी. ज्या जाहिरातीत अनलिमिटेड शॉट्स लिहिलंय तिथे जाऊ नका, तिथे तुम्हाला काहीही कळणार नाही.

कॉकटेल शेवटी दोनच दिली आणि तेवढीच बरी. एक पालोमा, टकीला, ग्रेपफ्रूटचा सोडा, लिंबू, मीठ, मेक्सिकोत घरोघरी हीच पितात, मार्गारीटा त्या मानाने पाहुण्यांची. दुसरी चिंचेची, मेस्काल घालून. त्या दोन्हीत जे लिंबू पिळतात ते आपलं कागदी लिंबूच, पातळ सालीचं, आशियातून स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेलेलं, आणि चिंचही आपल्याच बाजूने गेली. इकडून लिंबू-चिंच, तिकडून मिरची. प्यायचंच नसेल तर हमायका मागा, ते लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, आंबट आणि थंड, माझ्या मते त्या टेबलावरचं सगळ्यात छान पेय तेच होतं. बर्फाची काळजी असेल तर मधे भोक असलेला गोल बर्फ कारखान्यातला असतो, नळाचं पाणी मात्र अजिबात नको.

मेक्सिको सिटीत टूरची गरज नाही. पहिले दोन दिवस दारूला हात लावू नका, पाणी पीत राहा. नवऱ्याला आल पास्तोर टाको खाऊ घाला, लेबनॉनहून आलेल्या लोकांच्या शावर्म्यातून झालेला प्रकार आहे, उभ्या सळईवर मांस आणि वर अननस. तुम्ही एखाद्या जुन्या पुल्केरियात जाऊन पुल्के चाखा, अगावेचा रस उकरून काढून आंबवतात, दिसायला ताकासारखं, आपल्या ताडीच्या जवळचं, थोडं बुळबुळीत. सगळ्यांना नाही आवडत, मला पेरूचं आवडलं. चुरोस (तळलेल्या लांबट गोड कांड्या) खायचे ते १९३५ पासून चालू असलेल्या एल मोरो या दुकानात.

तारखा ठरल्या असतील तर एक सांगते, २३ डिसेंबरला वाहाकात मुळ्यांची रात्र असते, मुळे कोरून देखावे करतात, १८९७ पासूनची स्पर्धा आहे, त्या आठवड्यात जात असाल तर टूर आणि खोली दोन्ही आत्ताच बुक करा, मग मिळत नाही. आणि टूर कुठलीही घ्या, बाजारात तेहाते विकणाऱ्या बायकांकडे थांबायला सांगा. मका आणि कोकोचं थंड पेय, मोठ्या हिरव्या मातीच्या परातीत कोपरापर्यंत हात घालून घुसळतात, वर लोण्यासारखा पांढरा फेस येतो आणि तो रंगवलेल्या भोपळ्याच्या वाडग्यात देतात. दारू नाही, मांस नाही, तुमच्यासाठीच आहे ते. मी दुपारी तीनला गेले तेव्हा संपलं होतं, दुसऱ्या दिवशी अकराला गेले तेव्हा मिळालं.