सेट विकत घेऊ की स्वतः जोडू?

प्रश्न : काका, मी गोव्यातल्या वाळपईची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाची, रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा पास झाले, परवानाही आला. शिकवण्या घेऊन थोडे पैसे साठवलेत. मामा म्हणतो, तयार सेट घे आणि बोलायला लाग. मला स्वतः जोडायचाय. काय करू?

उत्तर : दोन मीटर तरंगलांबीचा, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झचा हँडसेट हवा असेल तर मामांचं ऐक, सरळ विकत घे. त्या फ्रीक्वेन्सीला तार जराशी लांब राहिली तरी सर्किट बिथरतं. पण सत्तरी तालुक्याच्या डोंगरांत हँडसेटवर तुला फार कोणी भेटणार नाही. तुझी माणसं चाळीस मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झवर आहेत. दिवसा पुणे, बेंगळुरू, हैदराबाद लागतं. तो सेट मात्र तूच जोड.

हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटएक्सचं, म्हणजे घरी जोडता येणाऱ्या हॅम सेटचं सर्किट आपल्याकडे सहज मिळणाऱ्या सुट्या भागांवर उभं केलं. कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशरही चालवले. मी माझा फोंड्यात, एका पावसाळ्यात जोडला. एकमेकांशी जुळणारे दहा मेगाहर्ट्झचे क्रिस्टल निवडण्यातच चार संध्याकाळी गेल्या. रिसीव्हर आधी पुरा केला. आवाज वाढवला तर नुसती खरखर. अँटेनाची तार टेकवली आणि त्या खरखरीतून कोणीतरी ‘सीक्यू, सीक्यू’, म्हणजे ‘कोणी आहे का बोलायला’, म्हणालं. माझे हात थरथरत होते.

त्याआधीचा माझा तयार सेट ऑक्टोबरच्या विजांत गेला. दुरुस्तीला पाच महिने पडून राहिला आणि बंदच परत आला. बिटएक्सचा आयआरएफ ५१०, म्हणजे अँटेनाला शक्ती पुरवणारा शेवटचा ट्रान्झिस्टर, मी अँटेना न जोडता बटण दाबून जाळला, तेव्हा अर्ध्या तासात दुसरा बसवला. कुठे काय आहे ते ठाऊक होतं ना!

पैसे चांगला सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि बारा व्होल्टची बॅटरी यांवर घाल. अँटेना विकत घेऊच नकोस. १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की तारेची लांबी मीटरमध्ये मिळते : १४३ भागिले ७.१, म्हणजे साधारण वीस मीटर तार. दहा-दहा मीटरचे दोन हात, दोन माडांच्या मध्ये. माड वाऱ्यावर डोलतो, म्हणून एका टोकाची दोरी कप्पीतून घेऊन तिला धोंडा लटकव, नाहीतर तार तुटते. मधला सांधा रबरी टेपने नीट गुंडाळ. आपल्या दमट हवेत उघडं तांबं एका पावसात हिरवं पडतं. ढग गडगडले की केबल सेटपासून काढायची.

एका बाबतीत घाई नको. ७.१ वर बोलताना घरी जोडलेल्या सेटमधून १४.२ वरही, म्हणजे दुप्पट फ्रीक्वेन्सीवर, आवाज निसटू शकतो, आणि त्याची जबाबदारी परवानाधारकाची, म्हणजे तुझी. वरच्या फ्रीक्वेन्सी अडवणारा लो-पास फिल्टर बसव, आधी पन्नास ओहमच्या डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी जोडायच्या रोधकावर तपास, मगच अँटेना जोड. पहिल्यांदा बोलशील त्या दिवशी आधी कळव. मी फोंड्यात १४.२ वर कान लावून बसेन.