हाडं आईकडून, ट्यूब शेजारणीकडून

प्रश्न: ताई नमस्कार. वय 38, सांगलीजवळ राहते. माझी आजी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यानंतर ती अंथरुणातून उठलीच नाही. आता आई (64) अंगणात नुसती घसरली तर मनगट मोडलं, डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) केली तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, निघाला. आता माझा नंबर का? आणि दुसरं, गालावर वांग आहेत, शेजारणीने दिलेली क्रीम दोन वर्षं लावतेय, बंद केली की चेहरा लालभडक होऊन आग होते. पार्लरवाली म्हणते लेझर कर नाहीतर गोरं होण्यासाठी ग्लुटाथिओनचं इंजेक्शन घे. मे महिन्यात भाचीचं लग्न आहे, घेऊ का?

उत्तर: आधी ती ट्यूब उजेडात धरा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यातलं काही दिसलं तर ती गोरेपणाची क्रीम नाही, स्टिरॉइड आहे. 2018 पासून अशी औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, तरी गल्लोगल्ली मिळतात ते सोडा. बंद केल्यावर आग होते म्हणजे कातडीला तिची सवय लागलीय, त्यामुळे स्वतःच्या मनाने सोडू नका, ट्यूब घेऊन स्किनच्या डॉक्टरकडे जा, ते हळूहळू सोडवतील. आणि ट्यूबवर नावगाव काहीच नसेल तर मात्र आजच टाकून द्या, अशा क्रीममध्ये पारा सापडतो, 2023 मध्ये केरळात मलप्पुरमला अशा क्रीम लावणाऱ्यांच्या किडन्या बिघडल्या होत्या.

स्टिरॉइडच्या क्रीमने हाडं ठिसूळ होतात का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मीच सांगते. डेन्मार्कमधल्या 2021 च्या मोठ्या अभ्यासात कडक स्टिरॉइड क्रीम भरपूर वापरलेल्यांमध्ये ऑस्टिओपोरोसिस आणि फ्रॅक्चर जास्त दिसले, पण तो हिशोब शेकडो ग्रॅमचा, तुमच्या गालावरच्या वाटाण्याएवढ्या क्रीमचा नाही. मला जास्त काळजी आईची वाटते. गुडघेदुखीवर कुठून पुड्या आणतात का, विचारा. दोन दिवसांत दुखणं पळालं, भूक वाढली, चेहरा गोल झाला, असं असेल तर त्यात स्टिरॉइड असू शकतं आणि ते पोटातून गेलं की हाडं खरोखर पोखरतं. पण अशी पुडीही एकदम थांबवायची नाही, डॉक्टरला दाखवूनच.

आता नंबर लागण्याचं. हाडांची घनता 60 ते 80 टक्के अनुवंशिक असते, त्यामुळे धोका तुम्हाला आहेच, पण आईला झालं म्हणून तुम्हाला होणारच असं नाही. पाळी नियमित असेल, वजन फार कमी नसेल, थायरॉइडची गोळी जास्त होत नसेल तर 38 व्या वर्षी डेक्साची घाई नको, पाळी जायच्या सुमाराला करा. आणि कोणी लहानशा तक्रारीवर पिशवी काढू, सोबत अंडाशयंही काढू म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हो म्हणू नका, अंडाशयं गेली की हाडं फार लवकर झिजतात. दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ज्वारीच्या भाकरीत ते फारच थोडं, नाचणीत मात्र 100 ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, वर दूध-दही, तीळ. भराभर चाला, जिने चढा, थोडं वजनही उचला.

लेझरने आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर वांग कधीकधी आणखी गडद होतात, पार्लरमध्ये तर नकोच. ग्लुटाथिओनच्या इंजेक्शनला गोरेपणासाठी मान्यताच नाही, रिअॅक्शन आली तर पार्लरवाली काय करणार? लग्नाच्या तोंडावर नवीन काही नको. वांगावर रोज सनस्क्रीन लावा आणि स्कूटीवर स्कार्फ बांधताच ना तुम्ही सगळ्या, तो बांधा खुशाल, पण हातमोजे काढा, व्हिटॅमिन डी हातापायांवरच्या उन्हातूनही मिळतं.

प्रश्न: आईला हाडांसाठी वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अॅसिडचं इंजेक्शन देतात. तिला पुढचे दोन दात इम्प्लांट करून (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून) हवेत, फोटोत चांगलं दिसत नाही म्हणते. (नाशिक)

उत्तर: हौस करू द्या, पण डेंटिस्टला इंजेक्शनचं आधी सांगा, शेवटचं कधी दिलं ती तारीखही. क्वचित कधीतरी या औषधावर असताना दात काढला किंवा इम्प्लांट बसवला तर जबड्याचं हाड भरून येत नाही. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा, आणि इम्प्लांट नको ठरलं तर ब्रिजचं, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवायच्या दातांचं, विचारा.