हुरूप ओसरल्यावर परत कसं यायचं

तुमचा प्रश्न वाचला आणि माझे जुने दिवस आठवले. दोन वर्षांत तुम्ही चार वेळा व्यायाम सुरू केला, चारही वेळा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटला. आता तीन महिन्यांत १२ किलो वजन उतरवायचं आणि सहा महिन्यांनी १० किलोमीटरच्या शर्यतीत धावायचं ठरवलंय, पण तेवढी प्रेरणा आणायची कुठून, असं तुम्ही विचारलंय. शेवटी एक वाक्य आहे, ‘माझ्यात चिकाटीच नाही बहुतेक.’ खरं तर त्या वाक्यासाठीच एवढं लांबलचक लिहायला बसले आहे.

मी अकरा वर्षं व्यायाम करतेय. ऐकणाऱ्याला वाटतं, ती सलग असतील. वह्या काढून बघितल्या तर आठवड्यापेक्षा मोठे खंड अठरा-वीस तरी सापडतील. आजारपण, घरातलं दुखणंखुपणं, कामाने पिचून गेलेले महिने. काही खंडांना तर सांगण्यासारखं कारणही नाही. त्याआधीची सहा वर्षं मात्र तुमच्यासारखीच गेली. दणक्यात सुरुवात, नव्याचे नऊ दिवस, मग पहिले पाढे पंचावन्न. या दोन काळांत माझी चिकाटी वाढली असं मला वाटत नाही. खाडा पडल्यावर मी काय करते, तेवढं बदललं.

पूर्वी व्हायचं असं: बुधवारी खाडा पडायचा. गुरुवारी मन खायचं, म्हणून बुटांकडे बघणंच टाळायचे. शुक्रवारी वाटायचं, हा आठवडा तर गेलाच, आता सोमवारपासून नव्याने. सोमवारी काहीतरी आडवं यायचं, मग एक तारखेची वाट. एका बुधवारापायी अडीच महिने हातचे जायचे. सोमवार, एक तारीख, वाढदिवस अशा दिवशी माणसाला उभारी येते हे खरं आहे. दाई, मिल्कमन आणि रीस या तीन संशोधकांनी २०१४ साली हे आकडेवारीने दाखवलं. आठवडा, महिना, वर्ष यांच्या सुरुवातीला लोक व्यायामाकडे जास्त वळतात. उभारी आली तर जरूर वापरावी. पण मी तिची वाट बघत बसायचे, आणि शुक्रवार-शनिवार-रविवार हे तीन चांगले दिवस आपल्याच हाताने वाया घालवायचे.

२०२१ साली याच मिल्कमन आणि त्यांच्या मोठ्या चमूचा एक प्रयोग ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आला. व्यायामशाळेचे ६१ हजारांहून जास्त सभासद आणि त्यांना परत परत तिथे आणण्यासाठी चार-चार आठवड्यांच्या ५४ वेगवेगळ्या युक्त्या. सगळ्यांत पुढे आली ती साधीशी होती: ठरलेला दिवस चुकल्यानंतर जो परत येईल त्याला थोडंसं जास्तीचं बक्षीस. हे वाचलं तेव्हा मी चकित झाले, कारण माझा अनुभव हेच सांगत होता आणि मला तो शब्दांत मांडता येत नव्हता. त्याच प्रयोगातली दुसरी बाजूही सांगायला हवी. चार आठवडे संपल्यावर बहुतेक युक्त्यांचा परिणाम विरून गेला. बाहेरून मिळालेलं अवसान उसनं असतं, ते फार दिवस पुरत नाही.

आता तुमच्या तिसऱ्या आठवड्याबद्दल. तो सगळ्यांचाच अवघड जातो. पहिल्या आठवड्यात अंग दुखतं, पण त्या दुखण्यात काहीतरी केल्याचं समाधान असतं. दुसऱ्या आठवड्यात दुखणं कमी होतं आणि दोन जोर जास्त निघतात, म्हणून मजा येते. तिसऱ्यात नवेपणा संपलेला असतो, आरशात काही दिसत नाही आणि वजनाचा काटा हलत नाही. सुरुवातीला जी ताकद वाढते ती बरीचशी स्नायू मोठे झाल्यामुळे वाढत नाही. मज्जासंस्था आहे त्याच स्नायूंना जास्त चांगलं कामाला लावायला शिकते, त्यामुळे वाढते. डोळ्यांना दिसावा असा फरक पडायला त्यानंतरही बरेच आठवडे जातात. म्हणजे काम चालू असतं, फक्त तुम्ही जिथे बघताय तिथे ते दिसत नाही. मी तेव्हा जिन्यावर लक्ष ठेवलं होतं. तिसऱ्या मजल्यावर पोहोचल्यावर दाराची किल्ली लावताना श्वास लागतो का, एवढंच बघायचं. पाचव्या आठवड्यात एक दिवस किल्ली लावून, आत जाऊन, चपला काढल्यावर लक्षात आलं की आज धाप लागलीच नाही. तो आनंद काट्याने मला कधी दिला नव्हता.

२१ दिवसांत सवय लागते असं तुम्ही कुठेतरी वाचलेलं दिसतंय. तो आकडा डोक्यातून काढून टाका, त्याने फार माणसं हिरमुसली आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. एखादी गोष्ट आपोआप होऊ लागायला लागलेला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसात फरक केवढा, तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. पाण्याचा पेला पिण्यासारख्या सवयीपेक्षा व्यायामाला वेळ जास्त लागला. आणि तुमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे: एखादा दिवस चुकला म्हणून सवय बसण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला रोज मनाला ढकलावं लागत होतं, कारण सवय लागायची वेळ अजून आलीच नव्हती. त्याचा तुमच्या स्वभावाशी काही संबंध नाही.

प्रेरणेचं बोलू. २००२ सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. २४८ विद्यार्थी घेतले. एका गटाला काहीच वेगळं सांगितलं नाही. दुसऱ्याला व्यायामाने हृदयरोग कसा टळतो याची प्रेरणा देणारी माहिती वाचायला दिली. तिसऱ्याला तीच माहिती दिली आणि वर एक वाक्य पूर्ण करायला सांगितलं: पुढच्या आठवड्यात मी अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी व्यायाम करेन. पहिल्या गटातल्या ३८ टक्क्यांनी व्यायाम केला, दुसऱ्यातल्या ३५ टक्क्यांनी, तिसऱ्यातल्या ९१ टक्क्यांनी. इरादा दुसऱ्या गटाचाही पक्का झाला होता, पण इरादा आणि पाय यांच्यामध्ये जे अंतर असतं ते वार-वेळ-जागेने भरून निघालं. म्हणून सगळ्यात आधी असं एक वाक्य लिहा. ‘रोज सकाळी’ असं मोघम नको. माझं अजूनही हेच आहे: सोमवार, बुधवार, शुक्रवार, कामावरून घरात शिरल्यावर, बसायच्या आधी. यातला ‘बसायच्या आधी’ हा भाग मी खूप ठेचा खाऊन जोडलाय. एकदा टेकलं की संपलं. त्यामुळे बूट दारातच, आत मोजे खोचलेले, नाड्या सैल करून ठेवलेल्या. बॅग ठेवायला वाकलं की हात बुटांनाच लागतो.

दुसरं वाक्य खाड्यासाठी लिहा, आणि ते आजच लिहा, कारण खाडा पडल्यावर डोकं धड चालत नाही. ‘ठरलेला दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बूट घालून दहा मिनिटं चालेन.’ फक्त दहा मिनिटं. भरपाई म्हणून दुप्पट करायचं नाही; ती शिक्षा होते, आणि शिक्षेला मन दुसऱ्यांदा तयार होत नाही. दहा मिनिटांनी काय होणार असं वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचं काम सांगितलंय. पूर्वी त्यात एका वेळी निदान दहा मिनिटं तरी सलग हवीत अशी अट होती. २०२० साली ती काढून टाकली. थोडी थोडी केलेली हालचालही धरली जाते. तरी त्या दहा मिनिटांचं मोल माझ्या दृष्टीने वेगळंच आहे. त्या दिवशी तुम्ही परत आलेले असता.

माझा सगळ्यात कठीण परतीचा दिवस पाच आठवड्यांच्या आजारपणानंतरचा. त्याआधी मी न थांबता चाळीस मिनिटं धावत होते. त्या संध्याकाळी बूट घालायला खाली बसले तर नाडी बांधतानाच हात थरथरले. बाहेर पडले, चालले, आठव्या मिनिटाला घामाने गळा भिजला आणि रडू आलं, की सगळं गेलं. घरी आले, वहीत तारीख घातली, ‘८ मिनिटं’ लिहिलं आणि त्याभोवती एक गोल काढला. तेव्हापासून खंडानंतरच्या प्रत्येक पहिल्या दिवसाला मी गोल काढते. बाकीचे दिवस नुसती फुली. आठ मिनिटांची बारा झाली, वीस झाली, आणि दोन महिन्यांत मी चाळीसवर परत आले, जिथे पहिल्यांदा पोहोचायला मला वर्ष लागलं होतं. शरीर पूर्वी कमावलेलं पुरतं विसरत नाही. दुसऱ्या वेळी ताकद लवकर परत येते. हे तेव्हा मला कुणी सांगायला हवं होतं, म्हणून तुम्हाला सांगतेय.

तुमच्या वजनाच्या उद्दिष्टाबद्दल मी मोकळेपणाने बोलेन. तीन महिन्यांत १२ किलो म्हणजे आठवड्याला जवळजवळ एक किलो. साधारण अर्धा ते एक किलो हा वेग बरा मानतात, तेव्हा तुम्ही अगदी वरच्या टोकावर आहात, आणि वजन उतरण्यात व्यायामापेक्षा खाण्याचा वाटा मोठा असतो. शिवाय अंगातल्या पाण्यामुळे काटा एका दिवसात किलो-दीड किलो इकडे-तिकडे होतो. आठवडाभर मन लावून घाम गाळलात आणि शनिवारी काटा वर गेला, तर त्या शनिवारी तुम्ही सोडणार. मागच्या चार वेळांपैकी निदान एकदा असंच झालं असावं, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. काट्यावरचा आकडा आपल्या हातात नसतो. बूट घालणं हातात असतं. म्हणून पहिल्या आठ आठवड्यांचं उद्दिष्ट एवढंच ठेवा: आठवड्यातून तीन दिवस, म्हणजे चोवीस फुल्या. वजन हवं तर महिन्यातून एकदा बघा.

ज्या कारणासाठी हे करायचं ते कारण तुमचंच आहे ना, तेही एकदा तपासा. ‘लग्नातल्या फोटोंत बरं दिसावं’ हे कारण वाईट नाही, पण फोटो काढून झाले की ते संपतं. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर यावरच काम केलं. माणसाला आपण हे स्वतःच्या मर्जीने करतोय, आपल्याला हे जमतंय आणि यात आपलं कुणीतरी सोबत आहे, असं वाटलं की तो टिकतो. तुमच्या प्रश्नात ओझरतं एक वाक्य होतं, मुलीबरोबर पळताना तुम्हाला थांबावं लागलं आणि ती पुढे निघून गेली. मला विचाराल तर तुमचं कारण तिथे आहे. वहीच्या पहिल्या पानावर ते लिहा.

आणखी एक चूक तुम्ही करताय, ती मीही वर्षानुवर्षं केली: पहिल्या दिवसापासून जीव तोडून करणं. व्यायाम संपताना जे वाटतं ते मनात राहतं. मळमळ आणि लटपटणारे पाय घेऊन घरी आलात तर परवा अंग आपणहून मागे ओढणार. सुरुवातीचे सहा आठवडे असं चाला-धावा की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. अजून थोडं करता आलं असतं, असं वाटतानाच थांबा. हे ऐकायला गुळमुळीत वाटतं, पण परवा परत यावंसं वाटण्याशी याचा फार जवळचा संबंध आहे. सोबत मिळाली तर उत्तमच. मला दोन वर्षं एक मैत्रीण कोपऱ्यावर उभी असायची. ती थांबली असेल एवढ्याच कारणाने मी कितीतरी वेळा उठले. आणि छातीत दुखणं, भोवळ, किंवा आधीपासून हृदयाचा, रक्तदाबाचा, साखरेचा त्रास असेल तर धावायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. यात चालढकल नको.

राहिली शर्यत. सहा महिने पुरेसे आहेत, पण आज नाव नोंदवू नका. आधी आठ आठवडे वहीत जाऊ द्यात. चोवीसपैकी अठरा फुल्या झाल्या, तर दहा किलोमीटरला खुशाल नाव द्या. पुढच्या चार महिन्यांत एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं इथपासून सुरू करून हळूहळू तिथवर पोहोचता येईल. बारा-तेराच झाल्या तर पाच किलोमीटरला द्या, तेही छानच. गोल काढलेले दिवसही त्या अठरांतच धरायचे. आठ आठवड्यांनी इथे या आणि किती फुल्या झाल्या ते सांगा, पण त्याआधी गोल किती झाले ते सांगा.