उगवतानाच पिवळ्या, ठिसूळ दाढा : फिलिंगला हो म्हणण्याआधी

ताई, सात वर्षांच्या मुलाच्या नव्या दाढा हिरडीतून वर येतानाच पिवळट-तपकिरी, गार पाणी लागलं की तो कळवळतो, पोळी चावताना एका दाढेचा कोपराच निघाला, आणि डॉक्टर म्हणाले, "चॉकलेटं बंद करा, तीन फिलिंग करून टाकू." तुमची पोस्ट वाचून माझ्या लेकीचे ते दिवस आठवले. खाली कुणी लवंगाचं तेल सुचवलंय, कुणी "दुधाचे आहेत, पडतील" म्हणतंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, तुमच्या मुलाचं तोंड मी पाहिलेलं नाही, तेव्हा हे सगळं तपासून घेण्यासाठी आहे, निदान म्हणून नाही.

या दाढा दुधाच्या नाहीत. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, चार पक्क्या दाढा गुपचूप येतात. दात पडला नाही म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही.

आणि हे बहुधा साधं किडणंही नाही. किडायला वेळ लागतो. हिरडीतून निम्मी वर आलेली दाढ आधीच पिवळी असेल, तर बिघाड ती घडतानाचा आहे. याला मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन (दाढा आणि पुढचे दात यांत खनिज कमी राहणं) म्हणतात, डॉक्टर मंडळी नुसतं एमआयएच म्हणतात. हे नाव २००१ मध्ये रूढ झालं, त्यामुळे त्याआधी शिकलेल्या डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात ते नसणार. पण दुर्मीळ म्हणाल तर अजिबात नाही. जगभरची पाहणी एकत्र केली तर साधारण सात-आठ मुलांत एकाला कमीअधिक प्रमाणात हे असतं. या दाढांचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, जन्माच्या सुमारास बनायला लागतं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत पूर्ण होतं. त्या काळात काहीतरी बिनसलं की जाडी नेहमीसारखी राहते पण खनिज कमी पडतं आणि कवच सच्छिद्र होतं. नेमकं काय बिनसतं ते ठरलेलं नाही. बाळंतपणाच्या वेळची गुंतागुंत, पहिल्या वर्षांतली आजारपणं, ताप, थोडी आनुवंशिकता, अशी बरीच नावं घेतली जातात. तेव्हा "तू गरोदरपणात दूध पीत नव्हतीस" असं कुणी ऐकवलं तर सोडून द्या. आणि आता कॅल्शियमच्या गोळ्या देऊनही दाढा सुधारणार नाहीत. एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंत संपलेल्या असतात.

पुढचे पक्के दात आले असतील तर उजेडात बघा. ठळक कडा असलेले पांढरे, सायीसारखे किंवा पिवळे डाग, एका दातावर आहेत, शेजारच्यावर नाहीत, चार दाढांपैकी दोन वाईट, दोन बऱ्या, असा विस्कळीत प्रकार असेल तर एमआयएचची शंका बळावते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही भागात पाण्यातल्या फ्लोराइडने दात डागाळतात, ते वेगळं. त्यात डागांच्या कडा पुसट असतात आणि डाव्या-उजव्या बाजूला जोडीने सारखे डाग दिसतात. तुमची बोअरवेल त्या पट्ट्यात असेल तर पाणी जरूर तपासा, लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको. दुधाचे आणि पक्के, सगळेच दात तसे असतील आणि घरात आणखी कुणाचे असतील, तर तो तिसराच, आनुवंशिक प्रकार. हे तीन वेगळे ओळखायला कुठलं महागडं यंत्र लागत नाही, दात कोरडे करून नीट बघणारा डॉक्टर लागतो.

आता मुद्द्याचं. आमचं सर्वांत जास्त नुकसान दाढांनी केलं नाही, एका दवाखान्याने केलं. नाव घेत नाही, विचारूही नका. चकचकीत जागा, खेळणी, भिंतीवर कार्टून. तिथे माझ्या लेकीच्या खालच्या दोन्ही दाढा पांढऱ्या कॉम्पोझिटने (दाताला चिकटवायच्या फिलिंगने) भरल्या. काही महिन्यांत कडेचा टवका गेला, पुन्हा भरल्या, पुन्हा गेला. ओल धरलेल्या भिंतीवर रंग लावल्यासारखं चाललं होतं. फिलिंग जाग्यावर राहायचं, त्याला धरून ठेवणारं एनॅमलच शेजारून निघायचं. चांगलं एनॅमल लागेपर्यंत कड मागे नेल्याशिवाय ते टिकत नाही, हे मला फार नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं. दर वेळी खापर गोडावर. घरात चॉकलेट येत नव्हतं तरी.

त्यात इंजेक्शन नीट लागायचं नाही. या दाढांची नस आधीच चिडलेली असते, म्हणून बधिरता पुरेशी येत नाही, हा सर्वज्ञात त्रास आहे. तिथे मात्र "नाटकं करते, तुम्ही लाडावून ठेवलीय" असं ऐकवून, पाय धरून ड्रिल. त्यानंतर कुठल्याही पांढऱ्या कोटवाल्याला बघून ती थरथरायची. अगदी लसीलाही. चांगला बालदंततज्ज्ञ आधी वेदनाशामक देतो, वेगळ्या पद्धतीने बधिर करतो, गरज पडली तर लाफिंग गॅस वापरतो, किंवा त्या दिवशी नुसतं ग्लास आयोनोमर सिमेंट (दाताला चिकटणारं साधं फिलिंग) लावून पोराला घरी पाठवतो. मूल ओरडत असेल तर त्याला दुखतंय, एवढं धरून चालणारा डॉक्टर शोधा. बाकी डिग्र्या नंतर बघा.

पण खरा राग याचा नाही. राग आहे वेळ घालवल्याचा. खालची दाढ फारच ढासळलेली असेल तर ती ठरावीक वयात काढली, साधारण ८ ते १० वर्षांदरम्यान, तर मागची दुसरी दाढ (जी एरवी बाराव्या वर्षाच्या आसपास येते) पुढे सरकून बऱ्याचदा तिची जागा आपसूक घेते. वय हा ढोबळ अंदाज. खरं ठरतं ते ओपीजी एक्स-रेवर (दोन्ही जबडे एकाच फोटोत दाखवणारा) : त्या दुसऱ्या दाढेची मुळं जिथे दोन होतात तो भाग नुकताच घडू लागलाय का, अक्कलदाढेचा अंकुर दिसतोय का, दातांची गर्दी आहे का, जबडे कसे बसतात. म्हणून बालदंततज्ज्ञ आणि ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात सरळ करणारे डॉक्टर), दोघांनी तो एकत्र बघायला हवा. वरच्या दाढांना थोडी जास्त सवलत मिळते, खालच्यांना नाही. आमच्या दवाखान्यात मी दोनदा-तीनदा विचारलं की काढायची का, दुसऱ्या कुणाला दाखवू का. दर वेळी एकच उत्तर : "पक्का दात कशाला काढता? मी बघतोय ना." ओपीजी काढलाच नाही. छोटे एक्स-रे काढले तेही हातात दिले नाहीत, म्हणे फाइल आमच्याकडे राहते. ऑर्थोडॉन्टिस्टकडे पोहोचलो तेव्हा मागच्या दाढेची मुळं बरीच वाढून गेली होती. उजवी दाढ दुखून दुखून शेवटी काढावी लागली, मागची पुढे आली पण कलंडून, आता ती ब्रेसेसने उभी करतोय. डावीची रूट कॅनाल झाली, वर कॅप आहे, आणि ती किती टिकेल यावर कुणी काही बोलत नाही.

याचा अर्थ तुमच्या मुलाच्या दाढा काढाच, असा मुळीच नाही. डाग पिवळट पण कवच शाबूत असेल तर फ्लोराइड वार्निश (दातावर लावायचा लेप) आणि सिमेंटच्या सीलंटवर (दाढेच्या खाचा बुजवणारा थर) वर्षानुवर्षं भागतं. तुकडा पडलाय, पण दाढ टिकवण्यासारखी आहे, तर माझं मत स्टीलच्या कॅपकडे. दोन दातांच्या मध्ये काही दिवस रबराची छोटी रिंग ठेवून जागा करतात, दाढ फारशी घासावी लागत नाही, झणझणणं बहुतेक वेळा थांबतं. मागे असते, दिसत नाही. "पांढरी झिर्कोनिया कॅप घ्या" असा आग्रह झाला तर विचारा की त्यासाठी दाढ किती जास्त घासणार. मोठेपणी हवी ती कॅप बसवता येते. (हे माझं मत. एका मैत्रिणीच्या मुलाला चांगलं कॉम्पोझिट व्यवस्थित टिकलंय, तेव्हा दगडावरची रेघ नाही.) पुढच्या दातांच्या डागांची घाई करू नका. या वयात आतली नस मोठी असते, त्यामुळे घासून व्हिनिअर (दातावर चिकटवायचा पातळ पापुद्रा) लावण्याचं आता मनातही आणू नका. शाळेत चिडवत असतील तर डाग फिके करणारं रेझिन किंवा पातळ कॉम्पोझिट, एवढंच विचारा.

जायचं कुठे? 'किड्स डेंटल' पाटीवर जाऊ नका, पीडोडोन्टिक्समध्ये (मुलांच्या दातांची शाखा) एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर पदवी, आहे का ते विचारा. मुंबई, नागपूर, संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबईत नायर दंत महाविद्यालयातही, मुलांचा स्वतंत्र विभाग आणि ऑर्थोडॉन्टिक्स एकाच इमारतीत आहे. रांग असते, शिकाऊ डॉक्टर बघतात, पण त्यांच्या डोक्यावर सर-मॅडम असतात आणि एमआयएच हा शब्द सगळ्यांना माहीत असतो. एक्स-रेचा मोबाइलवर फोटो दर वेळी मागून घ्या, लाजू नका.

घरी : ब्रश मऊ, खाल्ल्यावर चूळ कोमट पाण्याची. पेस्टच्या पाकिटावर फ्लोराइड किती ते वाचा. मुलांच्या कितीतरी रंगीत पेस्टमध्ये ते नावालाच असतं. १००० पीपीएमच्या आसपासची, वाटाण्याएवढी, आणि ब्रश झाल्यावर नुसतं थुंकायला सांगा, त्यानंतर चूळ भरायला लावू नका (फ्लोराइडच्या पाण्याचा भाग असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). ब्रश लागला की रडत असेल तर थोडे दिवस बोटाने पेस्ट लावा, तेवढंही चालतं. दुधातल्या प्रथिनापासून बनवलेली एक क्रीम मिळते, लेकीला तिने झणझणणं कमी झालं, पण दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला ती नको. चांदीचं औषध लावायचं म्हणाले तर ते किडीवर चांगलं आहे, पण डाग कायमचा काळा होतो, हे आधी कळलेलं बरं.

तुम्ही धाकटीचाही उल्लेख केलाय. तिच्या दुधाच्या सर्वांत मागच्या दाढांवर असेच ठळक पिवळे डाग आहेत का बघा. असतील तर तिलाही पुढे हा त्रास होण्याची शक्यता जास्त, मग सहाव्या वर्षी दाढ निम्मी वर आली की लगेच दाखवता येईल.

ओपीजी झाला की काय म्हणाले ते इथे कळवा, फक्त मुलाचा चेहरा दिसेल असा फोटो टाकू नका.