ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं झाडा-गवतांवरचं नृत्य पाहताना नेमकं काय पाहावं?

तुमचा प्रश्न असा: पुढच्या महिन्यात मुलाकडे सिडनीला जाताय, त्याने बंगारा डान्स थिएटर या तिथल्या आदिवासी नृत्यसंस्थेच्या प्रयोगाची तिकिटं काढली आहेत, विषय तिथल्या झाडा-गवतांचा आणि आदिवासींच्या जमिनीशी असलेल्या नात्याचा आहे. तुम्ही भरतनाट्यम शिकलेल्या आहात, पण यातलं आपल्याला काही कळेल का, ही धाकधूक आहे.

कळेल. फक्त एक सवय तेवढ्यापुरती बाजूला ठेवावी लागेल.

मी नृत्यातली नाही. कोल्हापुरात अठ्ठावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. २०१८ च्या जूनमध्ये मुलीकडे गेले होते, तेव्हा ऑपेरा हाउसमध्ये याच संस्थेचा ‘डार्क इमू’ हा नृत्यप्रयोग पाहिला. पहिली दहा-पंधरा मिनिटं मी नुसती शोधत होते, की हा कुठला कंद, हे कुठलं गवत. अलपद्म, म्हणजे उमललेल्या कमळाची हस्तमुद्रा, दिसली की कमळ ओळखायचं, ही आपली सवय. शोधता शोधता मी दमले आणि मग नुसती पाहायला लागले. तिथे वनस्पती ‘दाखवत’ नाहीत. गुडघे वाकलेले, अंगाचा सगळा भार खाली, पाठ आणि खांदे जमिनीला लागतात, पुन्हा सुटतात, अंगावर मातीचा आणि पांढऱ्या चिकणमातीचा लेप. भरतनाट्यमात आपण आधी नमस्कार करून, भूमीची क्षमा मागून मग पाय आपटतो. ‘पादस्पर्शं क्षमस्व मे’ तर घरोघरी सकाळी म्हटलं जातं. इथे मात्र जमिनीशी बोलणं आधी उरकून मग नाच सुरू होतो असं नाही. नाच हेच ते बोलणं आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. ही संस्था १९८९ मध्ये सिडनीत सुरू झाली. ‘बंगारा’ हा विराजुरी या आदिवासी भाषेतला शब्द, अर्थ ‘आग पेटवणे’. स्टीफन पेज यांनी १९९१ पासून तीस वर्षांहून अधिक काळ ती सांभाळली, २०२३ पासून फ्रान्सिस रिंग्ज कलादिग्दर्शक आहेत. नर्तक स्वतः आदिवासी आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या समाजांमधले असतात. ‘डार्क इमू’ ब्रूस पॅस्को यांच्या २०१४ च्या त्याच नावाच्या पुस्तकावरून केलेला. हा इमू आकाशातला. आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांमधून तो दिसतो, म्हणजे ताऱ्यांनी नव्हे, ताऱ्यांमधल्या अंधाराने काढलेला पक्षी.

पुस्तकाचा विषय असा, की गोरे लोक येण्याआधी हा देश म्हणजे रानटी, बिनमशागतीची जमीन होती हे खोटं आहे, इथले लोक शेतीच करत होते. मर्नाँगचंच बघा. पिवळ्या फुलाची, दिसायला अगदी साधी वनस्पती, खाली बोटाएवढा कंद. व्हिक्टोरियातल्या बायका काठीने तो खणून काढायच्या. खणताना माती भुसभुशीत व्हायची, कंद सुटे होऊन पसरायचे, काही मुद्दाम मागे ठेवले जायचे. माझ्या आजोळी करांदे खणताना आजी वरचा तुकडा परत मातीत दाबायची, तेच शहाणपण. १८३० नंतर मेंढ्या आल्या. त्यांनी मर्नाँग मुळासकट खाल्लं, खुरांनी जमीन दगडासारखी केली, आणि थोड्याच वर्षांत मैलोन् मैल पसरलेलं अन्न दिसेनासं झालं. हे वाचून गेलात तर जमिनीलगत वाकलेल्या बायकांचा नाच वेगळाच दिसेल.

आणि गवत. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा धक्का तिथे होता. तिकडे ज्याला कांगारू ग्रास म्हणतात, ते थिमेडा ट्रायअँड्रा, नेमकी हीच जात आपल्याकडेही उगवते. कोल्हापूरच्या डोंगरउतारावरून मी स्वतः ती आणली होती. कागदावर दाबलेली, पिकल्यावर येणारा तांबूस रंग थोडा उडालेला, खाली माझ्याच अक्षरात नाव, तारीख, ‘उपयोग: चारा’. वर्षानुवर्षं मुलांनी वहीत तेच उतरवून घेतलं. तिकडे याच गवताचं बी दळून भाकऱ्या भाजत असत. न्यू साउथ वेल्समधल्या कडी स्प्रिंग्ज इथे सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीचे मानले जाणारे दळणाचे दगड सापडले आहेत. १८३५ मध्ये टॉमस मिचेल हा सर्वेक्षक डार्लिंग नदीकाठाने गेला, तेव्हा उपटून रचलेल्या गवताच्या गंजी त्याला मैलोन् मैल दिसल्या. ते गवत वरईच्या गोतातलं, पॅनिकम. आपण उपासाला भगर खातो, तिचंच नातलग. परत आल्यावर मी त्या कागदावर ‘चारा’ शब्दापुढे ‘अन्न’ लिहिलं.

आता एक वादही माहीत असू द्या, म्हणजे कोणी तुम्हाला ‘ते पुस्तक खोडून काढलंय’ असं सांगितलं तर गोंधळ नको. २०२१ मध्ये पीटर सटन हे मानववंशशास्त्रज्ञ आणि केरिन वॉल्श या पुरातत्त्वज्ञ यांनी पॅस्कोंच्या मांडणीवर सविस्तर टीका केली. त्या लोकांना शेतकरी ठरवण्याची गरजच नाही, असं त्यांचं म्हणणं. या लोकांनी वनस्पती-प्राण्यांची भरभराट राखली, ती ज्ञानाने आणि विधींनी. त्या त्या जातीसाठी गाणी होती, नाच होते, ते ठरलेल्या जागी ठरलेल्या माणसांनीच करायचे, म्हणजे ती जात पुन्हा उदंड येते ही श्रद्धा. मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. आपण म्हणतो, ‘झाडांवरचं नृत्य’. तिथे परंपरेने नाच हा झाडाच्या निगराणीचाच भाग आहे. पाणी घालावं, तण काढावं, तसंच गावं आणि नाचावं. रंगमंचावर येताना त्याचं रूप बदलतं, दिवे येतात, तिकिटं येतात, पण ते मूळ मनात ठेवून बघा.

नातं म्हणजे काय, हेही आपल्याला परकं नाही. तिथले लोक इंग्रजीत ‘कंट्री’ म्हणतात, पण त्याचा अर्थ देश नव्हे. जमीन, पाणी, आभाळ, पूर्वज, प्राणी, झाडं सगळं त्यात आलं, आणि ते ऐकतं, ओळखतं, आजारी पडतं. आपल्या देवकाची आठवण काढा. कोणाचं देवक कळंब, कोणाचं रुई, कोणाचं पंचपल्लव. लग्नात ते आधी बसवल्याशिवाय पुढचं पान हलत नाही, आणि आपल्या देवकाचं झाड आपण तोडत नाही. आपल्याकडे हे बहुतेक घरांत लग्नाच्या मांडवापुरतं उरलंय. तिथे त्या नात्यावरून माणसाची कर्तव्यं ठरत आली आहेत: कोणत्या जिवाची काळजी कोणी घ्यायची, कोणी काय खायचं नाही, कोणतं गाणं कोणी म्हणायचं.

म्हणूनच परवानगीला इतकं महत्त्व. फ्रान्सिस रिंग्ज यांनी २०१२ मध्ये ‘टेरेन’ केलं, काटी थांडा-लेक आयर या खाऱ्या सरोवरावर. समुद्रसपाटीच्या सुमारे १५ मीटर खाली असलेली ही जागा बहुतेक काळ कोरडी असते, पाणी येतं ते शेकडो किलोमीटर दूरच्या पावसाचं. ती भूमी अराबना लोकांची. त्यांचे ज्येष्ठ रेजिनाल्ड डॉड यांनी वाट दाखवली, त्यानंतर ते नृत्य उभं राहिलं. त्याच वर्षी न्यायालयाने अराबनांचा त्या प्रदेशावरचा पारंपरिक हक्क मान्य केला. तुम्ही पाहाल त्या प्रयोगाच्या सुरुवातीला ही भूमी कोणाची आहे हे सांगून तिला मान दिला जाईल. कृपा करून त्या वेळी मोबाइलमध्ये डोकं घालू नका. आणि एक कळकळीची विनंती, परत आल्यावर मंडळाच्या कार्यक्रमात तसेच लेप लावून ‘तसं काहीतरी’ बसवू नका. ती गाणी-पावलं कोणाच्या तरी जबाबदारीतली आहेत.

तयारी म्हणाल तर पुस्तकापेक्षा बाग बघा. ऑपेरा हाउसला लागूनच रॉयल बोटॅनिक गार्डन आहे, त्यात कॅडी जॅम ओरा नावाचा भाग आहे, सिडनीच्या मूळ रहिवासी गॅडिगल लोकांच्या भूमीतल्या वनस्पतींचा. लोमँड्रा या गवतासारख्या वनस्पतीची लांब पाती बघा, याच्या टोपल्या विणतात. पात्याचा बुडखा पांढरा, कोवळा असतो. आम्हाला माहिती देणाऱ्या बाईंनी तो चाखायला दिला, चव थेट ओल्या मटारची. वॉरिगल ग्रीन्स म्हणून एक पालेभाजी आहे, ती आधी उकळत्या पाण्यातून काढावी लागते, तिच्यातल्या ऑक्झलेट या क्षारामुळे. अळू हाताळलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. निलगिरीच्या झाडाखालीही थोडं थांबा. आपल्याकडे ती सामाजिक वनीकरणाच्या रांगांत भेटते, पाणी पिणारं झाड म्हणून बदनाम. तिथे ती स्वतःच्या घरी आहे, आणि तिच्या पानांचा धूर करून पाहुण्यांचं स्वागत होतं.

तिकिटं बदलून मिळत असतील तर मुलाला सांगून अगदी पुढची रांग टाळा. निम्मा नाच जमिनीवर पडून, लोळून असतो. थोडं उंचावरून बघा, पावलं आणि पाठी दिसायला हव्यात.