मुलाचं ऐकू येतं, सुनेचं नाही?

प्रश्न : डॉक्टर, माझे सासरे 68 वर्षांचे आहेत, इचलकरंजीत तीसेक वर्षं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे, होते. टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारच्यांना बसल्याजागी बातम्या कळतात. मी काही बोलले की 'आँ?' आणि तेच ह्यांनी सांगितलं की लगेच ऐकू येतं! परवा म्हटलं साखर संपलीय, तर म्हणाले भाकर नको, आत्ताच जेवलो. सगळे हसले, ते मात्र उठून आत गेले. ह्यांच्या मते बाबांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं, आता मलाही तसंच वाटायला लागलंय. ऑनलाइन दोन हजाराचं कानाचं मशीन मागवलं होतं, ते कपाटात पडून आहे. वय झालं म्हणून सोडून द्यायचं का?

उत्तर : ताई, सोडून अजिबात देऊ नका, आणि ते 'सोयीचं ऐकू येतं' आधी बंद करा, कारण तुम्ही लिहिलेल्या साखर-भाकरीतच निम्मं उत्तर आहे. वय आणि मागाचा खडखडाट, दोन्हींनी आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. 'स', 'श', 'फ' त्यातलेच. 'आखर' कानात शिरतं, 'स' शिरतच नाही, मग डोकं अंदाजाने भाकर जोडतं. तुमच्या यजमानांचा आवाज खर्जातला, तुमचा आणि नातवंडांचा उंच, म्हणून मुलाचं कळतं आणि सुनेचं नाही. यात सोय कसली?

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या, कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयातही हा विभाग आहे. आधी मळ आहे का बघतील (काडी घालू नका, मळ आणखी आत जातो; तेलही मनाने घालू नका), मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं, सुई नाही की दुखणं नाही. कोणत्या पट्टीचं किती ऐकू येतं याचा आलेख त्यातून मिळतो. मागावर काम केलेल्यांच्या आलेखात बऱ्याचदा 4000 हर्ट्झच्या, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांच्या, आसपास खड्डा दिसतो, बाबांच्या आलेखात दिसला तर नवल वाटून घेऊ नका. आतल्या कानाच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत त्यामुळे गोळी-ड्रॉप्सने हे बरं होत नाही, मशीनच लागतं.

पण कपाटातलं नव्हे. ते सगळंच मोठं करतं, तुमचं बोलणं आणि भांड्यांची आदळआपट दोन्ही, वैतागून काढलं असेल त्यांनी. आलेखाप्रमाणे सेट केलेलं मशीन जिथे कमी पडतं तिथेच जोर देतं. तरी पहिले दोन-तीन आठवडे पंखा, पिशवी, स्वतःची चप्पल, सगळं कर्कश वाटेल, म्हणून सुरुवातीला घरातच दोन तास, मग हळूहळू वाढवत. महाग वाटलं तर दिव्यांगांना उपकरणांसाठी मदत देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्न बघून मदत मिळते, चौकशी करा.

मला जास्त काळजी त्यांच्या उठून आत जाण्याची वाटते. माणूस असाच गप्पांतून गळत जातो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2020 च्या अहवालात डिमेन्शियाच्या (स्मरणशक्ती आणि समज कमी होत जाण्याच्या आजाराच्या) टाळता येण्यासारख्या कारणांत मध्यम वयातल्या बहिरेपणाला सगळ्यात मोठा वाटा दिलाय. मशीन लावलं की डिमेन्शिया होणारच नाही असं मी म्हणत नाही, पण चार लोकांत बसणं तर परत सुरू होईल ना.

तोवर मिक्सर-टीव्ही बंद करून, आधी 'बाबा' म्हणून, समोर येऊन सावकाश बोला, ओरडू नका. आणि एक वेगळी गोष्ट, कधी एकाच कानाचं ऐकणं अचानक, रात्रीत गेलं तर मळ असेल म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यात औषध जितक्या लवकर सुरू होईल तितकं चांगलं लागू पडतं.