वीस हजार भरण्याआधी औंधला जाऊन या

ताई, तुमचं पत्र मिळालं. पुण्यात जनता वसाहतीत राहता, चार घरची धुणीभांडी करता. मुलगी बारावी कॉमर्स होऊन वर्षभर घरी आहे. वस्तीतला एकजण वीस हजारांत ‘कोर्स आणि नोकरीची हमी’ देतोय. मुलीला इलेक्ट्रिशियन व्हायचंय, तुम्हाला शिवणक्लास बरा वाटतो, कारण “बाईमाणसानं काय खांबावर चढायचं?”

आधी पैशांचं. तो वीस हजार मागणारा हमी लेखी देतो का, विचारा. देणार नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत उमेदवाराकडून फी घेतच नाहीत. शासकीय आयटीआयची (औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची) फीही तुमच्यासारख्या घराला झेपेल अशीच असते.

आता खांबाचं. इलेक्ट्रिशियन म्हणजे फक्त खांब नव्हे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कंट्रोल पॅनेलचं, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या विजेच्या पेटीचं वायरिंग होतं, ते कारखान्याच्या आत करायचं काम आहे आणि मुली ते करतात. आयटीआयतला हा ट्रेड, म्हणजे कोर्स, दोन वर्षांचा. कॉमर्स घेतलं म्हणून अडत नाही, प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. औंधला मुलींची वेगळी शासकीय आयटीआय आहे, आणि इतर आयटीआयमध्येही ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. नंतर कारखान्यात अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी, करता येते. १९६१च्या कायद्याने तिथे विद्यावेतन द्यावंच लागतं. शिवाय दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय झाली की इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. शिवणकामाला मी नावं ठेवत नाही, पण वस्तीत प्रत्येक गल्लीत मशीन आहे आणि ब्लाउजचे दर कोण वाढवतं?

खरी अडचण फीची नाहीच, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत तरी मला दिसतं. दोन वर्षं तिची कमाई घरात येणार नाही. ते अजिबात जमणार नसेल, तर राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना बघा, त्यात एखाद्या कार्यालयात किंवा कारखान्यात काम करत शिकायचं असतं. नोंदणी सरकारच्या महास्वयंम या रोजगार पोर्टलवर असते, सध्या चालू आहे का ते तिथेच बघा. बारावीला महिना ६,००० रुपये विद्यावेतन, आधी सहा महिने होतं, पुढे मुदत अकरा महिने केली. पण ही नोकरी नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा. मुदत संपली की कायम करतील असं धरून बसलेली बरीच मुलं मी पाहिलीत. महापालिकेच्या सहकार्याने चालणारी लाइटहाउस केंद्रंही आहेत. तिथे आधी बोलणं-वागणं, मुलाखत वगैरे शिकवून मग कोर्स निवडायला मदत करतात. घरी बसलेल्या, बुजलेल्या मुलीला ते बरं पडतं. तुमची मुलगी मात्र बुजलेली वाटत नाही.

माझं मत आयटीआयचं. उत्पन्नाचा, अधिवासाचा आणि लागू असेल तर जातीचा दाखला आत्ताच महा ई-सेवा केंद्रातून करून घ्या, ऐन प्रवेशाच्या वेळी तिथे रांगा लागतात. आणि एखाद्या दिवशी कामाची सुट्टी काढून दोघी औंधला जाऊन वर्कशॉप पाहून या. दहावीला किती टक्के, ते पत्रात नाही. ते कळवा.